टूनगॅबीचे सोळावे

अंकल गेले तेव्हा चर्चमध्ये वाटायच्या कार्डावर नाव काय छापायचं, ते विचारायला अंत्यविधीवाल्यांची एक मुलगी घरी आली होती. चांगली होती पोर, हळू आवाजात बोलत होती. तिने टॅबलेटवर आधीच लिहून आणलं होतं, ‘ग्रेग’. अंकलचा जावई डॅनियल, इथलाच, प्लंबर आहे, तो तिला म्हणाला, "ते ग्रेग काढ, मेट. नाहीतर म्हातारा उठून बसेल." आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसता सेलिन रडायला लागली. सेलिन म्हणजे अंकलची एकुलती एक मुलगी.

मी त्याच दिवशी ठरवलं की हे लिहायचं. मी काही फार शिकलेली बाई नाही. ठाण्यात दहावी झाले, मग लग्न, मग इथे. पुढचं जे काही वाचन झालं ते इथल्या लायब्ररीत, आणि तेही बरंचसं अंकलशी वाद घालता यावा म्हणून. तेव्हा बोलते तसंच लिहिणार आहे. पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही सिडनीला आलो तेव्हा ह्यांना पॅरामॅटाला एका ऑफिसात काम लागलं होतं आणि आम्हाला टूनगॅबीत, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा हवी होती. कुणीतरी सांगितलं की एका वसईच्या मराठी माणसाच्या घरामागे ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे परसातलं छोटं वेगळं घर, रिकामा आहे. गेलो. दार उघडलं ते एका उंच, काळ्यासावळ्या, भुवया पिंजारलेल्या माणसाने. अर्धी चड्डी, वर इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

हे म्हणाले, "जागा आहे असं कळलं."

"आहे."

"भाड्याने द्यायची आहे ना?"

"नाही," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत परत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. जागा सांगणाऱ्याकडूनच त्यांनी आमचा नंबर घेतला होता. "काल तुम्हीच आला होता ना? किल्ली घ्यायला या. आणि त्या बायला विचारा, भांडीकुंडी आणली आहेत, का माझी देऊ?"

बाय म्हणजे मी. शेवटपर्यंत मला ते बायच म्हणाले. वसईकडे बाईमाणसाला मायेने बाय म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी थोडा रागच आला होता.

त्यांच्या ‘नाही’ची सवय व्हायला मला वर्ष लागलं. नळ गळतोय म्हटलं की नाही. मागे तुळस लावू का म्हटलं की नाही. माझी आई येणार आहे, राहील महिनाभर, तर नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पान्हा घेऊन स्वतः हजर, नाहीतर तुळशीला कुंडी घेऊन, नाहीतर आईसाठी आपल्या घरातली जाड गादी खांद्यावर टाकून. एकदा मी विचारलंच, "अंकल, द्यायचंच असतं तर आधी नाही का म्हणता?" तर म्हणाले, "बाय, हो म्हटलं की अडकलो. नाही म्हटलं की विचार करायला रात्र मिळते."

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर एक तसबीर होती. मोठ्या नाकाचा, जाड भुवयांचा, पांढरे कपडे घातलेला एक म्हातारा. मला वाटलं यांचे आजोबा असणार, नाकही तसंच. विचारलं तर म्हणाले, "हे सोळावे."

मी म्हटलं, "अगंबाई, सोळा भावंडं?"

त्यावर ते इतके हसले की खुर्चीत बसावं लागलं. मग सांगितलं, हे पोप ग्रेगरी सोळावे. एकोणिसाव्या शतकातले. फार कडक, फार जुन्या मताचे. नव्या गोष्टीचा वारा सहन व्हायचा नाही. आपल्या राज्यात आगगाडी येऊ दिली नाही, रस्त्यावर गॅसचे दिवे लावू दिले नाहीत. आणि अंकलचं नाव त्यांच्यावरून. तेव्हापासून आम्ही घरात अंकलना ‘सोळावे’ म्हणायला लागलो. "सोळावे बागेत आहेत." "सोळाव्यांनी आज काय नाही म्हटलं?" त्यांना ते कळलं होतं. उलट आवडलं होतं असं माझं मत आहे.

आता गंमत बघा. आगगाडी नको म्हणणाऱ्या पोपचं नाव लावणारा हा माणूस जन्मभर रेल्वेत नोकरीला. आधी मुंबईत, मग इथे, सिग्नल खात्यात. कुणी त्यावरून चिडवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "सोळाव्यांनी गाड्या अडवल्या. मीही तीस वर्षं गाड्याच अडवल्या. सिग्नल लाल ठेवायला आमच्याकडे परंपरा लागते."

पोपबद्दल ते बोलायचे ते घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं. म्हणजे चुका कबूल, पण बाहेरच्याने काढायच्या नाहीत. पहिल्या दिवाळीला मी ग्रॅनी फ्लॅटच्या पायरीवर पणत्या मांडल्या तर ते मुद्दाम बघायला आले. वाकून वास घेतला. "तेलाच्या आहेत ना? मग चालतील. सोळाव्यांचं वाकडं गॅसशी होतं." कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक माणूस मागच्या शेडची उंची मोजायला आला होता, त्याला त्यांनी उन्हात उभं करून विचारलं, "या तुमच्या सिडनीला पहिला आर्चबिशप कुणी दिला, ठाऊक आहे?" तो बिचारा म्हणाला, "नो वरीज सर, मी फक्त शेड बघायला आलोय." अंकल म्हणाले, "ग्रेगरी सोळाव्यांनी दिला. आता मोज."

आणि ग्रेग. ऑस्ट्रेलियात कुणाला पूर्ण नावाने हाक मारायची म्हणजे लोकांच्या जिवावर येतं. हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा दर वेळी म्हणायचा, "हाऊ यू गोइंग, ग्रेग?" अंकल दर वेळी वस्तू काउंटरवर ठेवून, हात मागे बांधून सांगायचे, "सोळा ग्रेगरी होऊन गेले. त्यात ग्रेग एकही नव्हता." तो पोरगा पुढे त्या दुकानाचा मॅनेजर झाला, टक्कल पडलं त्याला, तरी दोघांचं हे चालूच. अंत्यविधीला आला होता तो. मला म्हणाला, "आय विल मिस ग्रेगरी." पूर्ण म्हणाला.

सुकेळ्यांचं सांगायलाच हवं. वसईला राजेळी केळी वाळवून सुकेळी करतात, मधासारखी गोड लागतात. इथे राजेळी कुठली. पण अंकलनी ठरवलं की इथल्या छोट्या केळ्यांची करायची. सोलून, जाळीवर मांडून, कपडे वाळत घालायच्या गोल फिरणाऱ्या दांडीला ती जाळी टांगली. दुपारी बघतो तर पांढऱ्या काकाकुवांची पंगत बसलेली, आणि वाऱ्याने दांडी फिरतेय, म्हणजे प्रत्येकाच्या पुढ्यात ताट आपोआप येतंय. कुणीही हात टेकले असते. अंकलनी दर उन्हाळ्यात ती केळी घातली. मच्छरदाणी लावली, तारेचा पिंजरा केला, एक वर्ष स्वतः छत्री घेऊन बसले. चव कधीच वसईची आली नाही. मी एकदा म्हटलं, "अंकल, आता सोडा." तर म्हणाले, "काकाकुवे कुठे सोडतायत?"

सेलिन शाळेत असतानाच त्यांची बायको वारली होती. त्यामुळे ती पोर शाळेतून आली की आधी माझ्या स्वयंपाकघरात यायची. मटकीची उसळ तिला फार आवडायची. मला आंटी म्हणायची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि बापासारखीच आधी नाही म्हणायची. पुढे युनिला गेली, इतिहास शिकली, हायस्कूलमध्ये शिकवायला लागली. आम्ही तोवर दोन गल्ल्या सोडून आमचं घर घेतलं होतं, पण माझा आठवड्यातला निम्मा वेळ अंकलच्या व्हरांड्यातच जायचा.

त्या व्हरांड्यातच त्यांनी मला त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. एकदा नाही, पुष्कळदा.

त्यांच्या वाडीत एक बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, त्यावर केळी, पानवेली सगळं शिंपायचं. बावखलाच्या या काठाला अंकलचं घर, त्या काठाला दुसरं. दोन्ही घरं मूळ दोघा सख्ख्या भावांची. सोळाव्यांच्या काळात रोमहून हुकूम आला, की पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या पाद्र्यांचं आता ऐकायचं नाही, पोपने पाठवलेल्यांचं ऐकायचं. गावोगाव फूट पडली. घरात फूट पडली. थोरला म्हणाला, आपले पाद्री आपल्या बापाच्या वेळेपासूनचे, मी त्यांना सोडणार नाही. धाकटा म्हणाला, पोप म्हणतील ते. भांडण इतकं पेटलं की धाकट्याला मुलगा झाला तेव्हा त्याने मुद्दाम त्याचं नाव ग्रेगरी ठेवलं. बावखलापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात रोज हाक मारता यावी म्हणून. तेव्हापासून या, म्हणजे अंकलच्या, घरात आजोबाचं नाव नातवाला, असं एक पिढी सोडून एक ग्रेगरी. त्या घरात हे नाव उच्चारायचंसुद्धा नाही. आणि या घरच्यांनी त्या घरी जेवायचं नाही, त्यांनी यांच्याकडे नाही. लग्नाला नाही, मयताला नाही. पुढे पाद्र्यांचा वाद कधीच मिटला, चर्च एक झालं, पण जेवण सुरू झालं नाही ते नाहीच.

"म्हणजे भांडण कशाचं ते आता कुणाला माहीतही नसेल," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," अंकल म्हणाले. "पुरे की."

सेलिनला बऱ्याच उशिरा दिवस राहिले. मुलगा आहे असं स्कॅनमध्ये कळलं, आणि त्या दिवसापासून अंकलनी मुलाचा उल्लेख नावानेच सुरू केला. ग्रेगरीला ही खोली. ग्रेगरीसाठी पाळणा मी करणार. सेलिन काही बोलायची नाही. मला दिसत होतं की ती दात आवळून गप्प आहे.

एका रविवारी दुपारी अंकलच्या स्वयंपाकघरात ते फुटलं. मी शेंगा सोलत होते, डॅनियल सिंकखाली डोकं घालून पाइप बघत होता.

"डॅड, मी हे नाव ठेवणार नाहीये," ती म्हणाली.

"का?"

"कारण मी अकरावीला हेच शतक शिकवते. माणसाने आपल्या मनाला पटेल तो धर्म मानावा, याला तुझ्या पोपने वेडेपणा म्हटलंय. छापखान्यांना मोकळीक नको म्हणाला. रोममधल्या ज्यूंना भिंतीआड ठेवलं. मी माझ्या मुलाला हाक मारताना रोज हे आठवू?"

"आणि माणसांचा व्यापार करू नका असं लिहून काढणारा कोण? तोच ना?"

"तोच. तेही शिकवते."

"मग तेवढंच शिकव."

"डॅड, अर्धं शिकवता येत नाही."

सिंकखालून डॅनियल म्हणाला, "मला तर ग्रेग चालेल."

"नाही," बापलेक एकदम म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एवढ्याच एका गोष्टीवर एकमत झालं.

मग अंकल हळू आवाजात म्हणाले, "सेलिन, मला मुलगा नाही. तू नाही ठेवलंस तर हे नाव माझ्याबरोबर संपेल."

सेलिन पोटावर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "मग संपू दे."

त्यानंतर महिनाभर दोघं एकमेकांशी हवापाण्यापुरतं बोलत होती. ती माझ्याकडे येऊन रडायची, "आंटी, तू सांग ना त्यांना." मी त्यांना सांगायला गेले की ते म्हणायचे, "बाय, तुमच्यात देवालाच हजार नावं. एक गेलं तरी नऊशे नव्व्याण्णव उरतात. आमच्याकडे एकच आहे आणि ते माझ्यापाशी येऊन थांबलंय." दोघांचंही मला पटायचं, हीच तर अडचण. आणि दोघंही तसूभर हलायला तयार नव्हती.

मग अंकलनी दुसरा रस्ता धरला. गावी त्यांचा आंतोन नावाचा चुलत पुतण्या आहे, त्याला दर रविवारी फोन असायचा, स्पीकरवर, फोन तोंडासमोर बिस्किटासारखा धरून. त्याला म्हणाले, "आपल्या घराण्यात अलीकडे जी मुलं झाली त्यांची नावं सांग. कुणीतरी ठेवलं असेल."

आंतोन सांगायला लागला, "एथन, लियाम, रायन, आमच्या धाकट्याचा जेडन..."

"ही नावं आहेत की औषधं?" अंकल म्हणाले. "ग्रेगरी एकही नाही?"

आंतोन म्हणाला, "आहे काका, एक आहे. पाच वर्षांचा आहे. पण आपल्यातला नाही."

"म्हणजे?"

"पलीकडचा."

अंकलनी फोन टेबलावर ठेवला. बंद नाही केला, नुसता ठेवला. आतून आंतोन "हॅलो काका, हॅलो" करत राहिला. शेवटी मीच त्याला सांगितलं की काका नंतर बोलतील.

पुढचे पंधरा दिवस काढणं कठीण होतं. माणूस व्हरांड्यात बसून एकच शब्द घोळवत होता, चोरी. "माझ्या घरातली वस्तू उचलून नेली." मी म्हटलं, "अंकल, तुमचं नाव तुमच्याकडेच आहे की. त्यांनी नेलं म्हणून तुमचं कमी झालं का?" तर म्हणाले, "तुला नाही कळणार." आणि एक दिवस म्हणाले, "मी त्यांना फोन करणार. नाव बदलायला लावणार."

"पाच वर्षांच्या मुलाचं?"

"लावणार म्हणजे लावणार."

आंतोनकडून नंबर घेतला. ज्या दिवशी फोन करायचा त्या दिवशी अंघोळ करून, केस विंचरून, पांढरा शर्ट घालून बसले, जसं काही समोरचे बघणारच आहेत. सेलिनही आली होती. मला वाटतं बाप काय बोलेल या काळजीने आली असावी. फोन उचलला तो त्या घरच्या आजींनी. दोघं स्पीकरवर त्यांच्या बोलीत बोलत होती, मी ते माझ्या मराठीत सांगते.

"तुमच्या घरात माझं नाव ठेवलंय म्हणे," अंकल म्हणाले.

"ठेवलंय."

"ते कुणाचं नाव आहे ते ठाऊक नव्हतं?"

"सुनेला ठाऊक नव्हतं. ती आगाशीची, तिला तिच्या मामाचं नाव आवडलं, तिने ठेवलं. मला ठाऊक होतं. लग्न होऊन या बावखलावर आले त्याला साठ वर्षं झाली. पहिल्याच दिवशी सासूने सांगितलं होतं, हे एक नाव सोडून काय वाटेल ते ठेव."

"मग सुनेला का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. मग मनात आलं, तुमच्याकडे आता हे नाव ठेवणारं कुणी दिसत नाही. तुम्ही तिकडे सातासमुद्रापार, आंतोनकडे तो जेडन. म्हटलं आमच्याकडे तरी असू दे. इतकी वर्षं ज्या नावाशी भांडलो, ते नावच गेलं तर आम्ही कुणाशी भांडत होतो म्हणायचं?"

अंकलचा फोन धरलेला हात खाली येत येत गुडघ्यावर टेकला. मी सेलिनकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेला घट्ट धरून उभी होती.

"ऐकताय ना?" आजी म्हणाल्या. "गावी आलात तर जेवायला या. पोराला बघून जा."

"नाही," अंकल म्हणाले, आणि फोन बंद केला.

मग सेलिन त्यांच्या शेजारी बसली. "डॅड, मी तरीही ठेवणार नाहीये."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू माझीच मुलगी आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते तर अंकल दारात. काठी, टोपी, इस्त्रीचा शर्ट. "बाय, तुझ्या भाचीचं लग्न ठाण्याला कधी आहे म्हणालीस?"

नातवाचं नाव नोआ ठेवलं. बाप्तिस्म्याला मीही गेले होते, मागच्या बाकावर बसले. पाद्रींनी विचारलं, मुलाचं नाव काय ठेवता, आणि सेलिनने स्वच्छ आवाजात नोआ सांगितलं. अंकल पहिल्या बाकावर ताठ बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी मुलाला घेतलं, जरा वर धरून न्याहाळलं. "चांगलं आहे," म्हणाले. "बायबलातलं आहे. सोळाव्यांपेक्षा पुष्कळ जुनं." सेलिनने तोंड फिरवून डोळे पुसले.

गावी जायच्या गोष्टीवर मात्र पुन्हा रणकंदन झालं. छातीत पेसमेकर, गुडघे गेलेले, डॉक्टर नको म्हणत होते. सेलिनने सगळं करून पाहिलं, रागावून, समजावून, नोआला मांडीवर ठेवून. "डॅड, व्हिडिओ कॉल कर ना. त्या मुलाला बघ, बोल, झालं."

"व्हिडिओवर जेवता येतं का?" ते म्हणाले.

शेवटी डिसेंबरात माझ्याबरोबर ते निघाले. आमचे हे सिडनीलाच राहिले होते, त्यामुळे अंकलची चाकाची खुर्ची मीच ढकलली. विमानतळावर त्या खुर्चीत बसायलाही आधी नाही झालंच. लग्न आटोपलं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सीने वसईला गेलो. आंतोनच्या घरी सामान टाकलं. आंतोन म्हणाला, "काका, गाडीने पलीकडे सोडतो, रस्ता आहे आता." पण अंकलना बावखलाच्या काठाकाठानेच जायचं होतं.

पायवाट अगदी अरुंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला केळी. मी पुढे, ते मागे, एक हात माझ्या खांद्यावर. मध्येच थांबले. मला वाटलं दम लागला. म्हणाले, "इथपर्यंत मी आलोय. पुढे कधी पाय टाकलेला नाही." जरा उभे राहिले, आणि मग खांद्यावरचा हात काढून एकटेच पुढे चालायला लागले.

आजी ओटीवर लुगडं सावरून बसल्या होत्या. उठल्या नाहीत, अंकलही नमस्कार करायला वाकले नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आलात." अंकल म्हणाले, "आलो." झालं. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी पावणेदोनशे वर्षं.

मुलगा आजीच्या खुर्चीमागे उभा होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात चिखल, बावखलातून काहीतरी पकडून आणलं असावं. त्याने अंकलना नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "तुमचं नाव काय?"

"ग्रेगरी."

"खोटं," तो म्हणाला. "ते माझं आहे."

अंकल खाली बसायला लागले. त्यांच्या गुडघ्यांना ते काम जड होतं, मी पुढे झाले तर हाताने मला थांबवलं. ओटीच्या पायरीवर, मुलाच्या उंचीला येऊन बसले. "तुझंच आहे," म्हणाले. "मी फक्त सांभाळत होतो. आता तू सांभाळ."

"सांभाळायचं म्हणजे काय करायचं?"

अंकलनी माझ्याकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुणी ग्रेग म्हटलं तर ओ द्यायची नाही."

"आणि?"

"बाकीचं सेलिन मावशी सांगेल. चांगलंही सांगेल, वाईटही सांगेल. तिला विचार."

मुलगा येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. आतून तळलेल्या बोंबलांचा आणि तांदळाच्या रोट्यांचा वास येत होता. ताटं मांडल्याचा आवाज आला. त्याची आई, ती आगाशीची सून, स्वयंपाकघरातूनच ओरडली, "ग्रेगरी, पान वाढलंय, आधी हात धुऊन ये."

मुलगा ढिम्म हलला नाही. अंकल मात्र पायरीला धरून उठले, आणि हात धुवायला गेले.